शेठची ओवाळणी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, त्यातही भाताच्या लावणीत शाळा बुडायची. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून समजत नाही. ओळी खाली खाली उतरत जातात. त्या म्हातारपणामुळे उतरत नाहीत, पहिल्यापासून तशाच जातात. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आमच्या ह्यांच्याकडे आठवणी मागितल्या. हे पाच वेळा निवडून आलेले आमदार. ह्यांनी धरणाचं लिहिलं, रस्त्यांचं लिहिलं, आश्रमशाळेच्या मुलांना वेळेवर जेवण मिळावं म्हणून सभागृहात कसे भांडले ते लिहिलं. मुलीने ते मला वाचून दाखवलं. सगळं खरं आहे. पण त्यात भीती कुठेच नव्हती. ऐकताना वाटलं, मग ह्याच घरात राहून मी इतकी वर्षं कशाला घाबरत होते? म्हणून दुपारी हे झोपले की मी स्वयंपाकघरात बसून लिहिते. कोणाला दाखवायचं की नाही ते नंतर बघू.

आमदाराच्या बायकोलाही काम असतं. त्याला पगार नाही आणि रजाही नाही. लोकांना वाटतं आमदार म्हणजे विधानसभा. विधानसभा वर्षातून थोडेच दिवस असते. बाकीच्या दिवसांत आमदार म्हणजे सकाळी एखाद्याचा दहावा, दुपारी लग्न आणि संध्याकाळी गावातली जळालेली विजेची डीपी. दहाव्याला नदीवर जाऊन गेलेल्या माणसाबद्दल चांगले चार शब्द बोलावे लागतात, मग तो माणूस हयातीत आपल्याला शिव्या देत असला तरी. लग्नाला नाही गेलं तर माणसं विसरतात, दहाव्याला नाही गेलं तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. हे ह्यांचं वाक्य आहे.

माझं काम घरात. नाशिकला गंगापूर रोडवर आम्ही भाड्याने राहायचो. घोटीकडून पहिली एसटी आली की ओसरी भरायची. कोणाची बदली, कोणाला दवाखान्यात खाट, कोणाच्या पोराला शाळेत प्रवेश. चहा मी करायचे. बायका पुढच्या खोलीत ह्यांच्यासमोर बोलत नाहीत, त्या मागच्या दाराने माझ्याकडे यायच्या. मला बोलता येत नाही, पण ऐकता येतं. आणि एक काम मला फार जड जायचं. हे घरात असले तरी "साहेब बाहेर गेलेत" असं सांगायचं. मी ते खाली बघून सांगायचे. लोकांना कळायचं, पण ते मला कधी तसं म्हणाले नाहीत.

सुरुवातीला एक म्हातारबा ह्यांच्यासाठी गावठी कोंबडा घेऊन आले. मुलाला एसटीच्या डेपोत चिकटवायचं होतं. नको नको म्हणताना कोंबडा ओसरीवर ठेवून गेले. रविवारी आम्ही तो खाल्ला. वर्षभराने म्हातारबा परत आले. म्हणाले, "माई, पोराचं काम झालं नाय. कोंबडा देता का?" मी घाबरून शेजारणीच्या मुलाला बाजारात पिटाळलं आणि दुसरा कोंबडा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्याची मान वर करून नीट बघितलं. "हा आमचा नाय. आमचा तुऱ्याचा व्हता." पण घेतला, चहा प्यायले, आणि जाताना म्हणाले, "मत तुमालाच हाय, ती गोष्ट येगळी."

हे त्यावर खूप हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी नियम केला, संध्याकाळपर्यंत संपेल तेवढंच घ्यायचं. मेथीची जुडी, करवंदं, फार तर ताक. ठेवून राहतं ते घ्यायचं नाही. पण हा नियम करायला मला उशीर झाला होता. एक गोष्ट आधीच घेऊन ठेवली होती, आणि तिच्यासमोर कोंबडा म्हणजे काहीच नव्हतं.

ती गोष्ट अशी.

आम्ही महादेव कोळी. हे घाटमाथ्यावरच्या आश्रमशाळेत मास्तर होते. आमच्या भागातली आमदारकीची जागा आदिवासींसाठी राखीव. घोटीच्या बाजारात वसंतशेठ म्हणून भाताची गिरणी असलेले व्यापारी होते. अर्ध्या तालुक्याचं भात त्यांच्या काट्यावर उतरायचं. शेठना राजकारणाची फार हौस, पण जागा राखीव, त्यांना स्वतःला उभं राहता येईना. मग ते दुसऱ्याला उभं करायचे. त्या साली त्यांची नजर आमच्या ह्यांच्यावर पडली. हे बोलायला चांगले, कोणाचा चहा न पिणारे, गावोगावी ह्यांचे विद्यार्थी. पक्षाचं तिकीट मिळणार हे नक्की झालं. नोकरीचा राजीनामा दिला. निवडणुकीला पैसा लागतो तो मात्र आमच्याकडे नव्हता, आणि हे कोणाकडून घ्यायलाही तयार नव्हते. "घेतला की बांधला गेलो," असं म्हणायचे.

भाऊबीज आली. मला भाऊ नाही, आम्ही सगळ्या बहिणी. त्या दिवशी मी दरवर्षी चंद्राला ओवाळायचे. दुपारी शेठ आमच्या आश्रमशाळेच्या खोलीवर आले. सोबत त्यांची बायको, हातात चकल्यांचा डबा. शेठ पाटावर बसले आणि म्हणाले, "ताई, मलापण बहीण नाही. ओवाळता का?"

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू. इतका मोठा माणूस आमच्या मातीच्या खोलीत येऊन बहीण म्हणतो. मी ओवाळलं. त्यांनी ताटात टॉवेलात बांधलेलं एक गाठोडं ठेवलं. ताट इतकं जड झालं की निरांजन कलंडलं. मला वाटलं साडी असेल. आत काय आहे ते हे बघूनच समजले, त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "शेठ, हे नको." शेठ म्हणाले, "मास्तर, तुम्हाला कोण देतंय? मी माझ्या बहिणीला घालतोय. तुम्ही मध्ये बोलायचं काम नाही." आणि माझ्याकडे बघितलं.

ओवाळणी नको म्हणायची नसते एवढं मला आईने शिकवलं होतं. मी ताट उचललं आणि देवापुढे ठेवलं. एवढंच मी केलं. शेठची बायको सगळा वेळ खाली बघत होती.

त्या पैशावर निवडणूक झाली आणि हे निवडून आले.

त्यानंतर दर भाऊबीजेला शेठ यायचे. गाडी थांबली की मला आतूनच कळायचं. चपला उंबऱ्याच्या बरोबर मध्ये काढायचे, दुसऱ्याला ओलांडून जावं लागेल अशा. पुढच्या खोलीत लोक बसलेले असोत, ते सरळ स्वयंपाकघरात, कारण भाऊ. मी ओवाळायचे. ताटात नारळ आणि एक रुपया पडायचा. मग फराळ खाता खाता ते एक काहीतरी सांगायचे. अमक्या तलाठ्याची बदली. गिरणीपर्यंत डांबरी रस्ता. पुतण्याला धरणाच्या कालव्याचं एखादं काम. मोठं काही नाही, नियमाबाहेरचंही फारसं नाही. पण भाऊ ओवाळून घेतो आणि देतो. शेठ ओवाळून घ्यायचे आणि मागायचे. कधी ह्यांना मागायचे नाहीत. मला सांगायचे. "ताई, नानांच्या कानावर घाला." ह्यांना सगळा तालुका नाना म्हणायचा.

मी ह्यांच्या कानावर घालायचे. हे काही न बोलता करायचे. असं दर वर्षी. गणपती बसले की मी दिवस मोजायला लागायचे, कारण गणपतीनंतर दिवाळी.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर ह्यांनी पैसे जमवले आणि परत द्यायला घोटीला गेले, मलाही नेलं. शेठनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "ताई, ओवाळणी परत कधी करतात ठाऊक आहे का?" ते हसत म्हणाले, "भावाच्या नावानं आंघोळ केली की मग करतात. मी मेलो का?" बाजारातली माणसं ऐकत होती. आम्ही पिशवी घेऊन परत आलो. निघताना शेठची बायको पाणी द्यायच्या निमित्ताने मागे आली. तिला सगळे वहिनी म्हणायचे, मीही. ती हळूच म्हणाली, "ताई, कधी जमलं परत करायला तर करा. ह्यांचं घेतलेलं मीपण फेडतेय." आणि लगेच आत गेली. मला ते तेव्हा नीट समजलं नाही, पण विसरलेही नाही.

तो पैसा पुढच्या निवडणुकीत गेलाच. नंतर गंगापूर रोडच्या पुढे एक छोटा प्लॉट घेतला, घर बांधू म्हणून. तो तसाच पडून होता.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ह्यांच्या शेवटच्या आमदारकीत शेठनी भाताबरोबर दगडाचा धंदा सुरू केला होता. इगतपुरीच्या अलीकडे एका डोंगराला खडी क्रशर लावला. डोंगराखाली ठाकर आदिवासींचा पाडा होता. उन्हाळाभर सुरुंग लागायचे. पाड्यातल्या बायका माझ्या मागच्या दाराला आल्या. त्यांच्यात भीमाबाई पुढे. बारीक, काळी, मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "माई, सुरुंग वाजला का उतरंड हालती. घराच्या भिती समद्या फाटल्यात. पानी पडंल तवा काय व्हईल?" मी ह्यांना सांगितलं. हे स्वतः जाऊन बघून आले. कलेक्टरांकडे गेले, तिथे कागद फिरत राहिले. तोवर पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे सांगायला नको, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. फटीतून पाणी मुरलं आणि भीमाबाईच्या घराची भिंत झोपलेल्या सुनेच्या पायावर पडली.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी विधानसभेत प्रश्न टाकला. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आमदार आधी प्रश्न लेखी देतो. मग ठरलेल्या दिवशी सभागृहात त्याचं नाव पुकारतात, त्याने जागेवर उभं राहायचं, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तराला सरकार बांधलेलं असतं. पण नाव पुकारलं आणि आमदार जागेवर नसला, तर बहुतेक वेळा पुढचा प्रश्न घेतात. झालं. भांडण नाही की नकार नाही. म्हणून मोठ्या माणसांना प्रश्न नको असला की ते आमदाराला "विचारू नको" म्हणत नाहीत, त्या दिवशी "तब्येत सांभाळ" म्हणतात.

भाऊबीज लांब होती तरी शेठ आले. पहिल्यांदाच सणाशिवाय. स्वयंपाकघरात बसले, मी चहा दिला. म्हणाले, "ताई, नानांची तब्येत बरी दिसत नाही. पंधरा दिवस आराम करायला सांगा." मी म्हणाले, बरी आहे त्यांची तब्येत. ते म्हणाले, "बरी आहे तोवरच जपायची." चहा अर्धा ठेवून गेले.

दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या दारात शेठची गाडी थांबली आणि त्यातून माझी मुलगी मनीषा उतरली. ती कॉलेजात शिकत होती. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. मागून शेठ काच खाली करून म्हणाले, "भाचीला स्टॉपवर उभी बघितली. म्हटलं सोडावं. एकटी असते हो ती तिथं रोज." एवढं बोलून गेले. मनीषाला काही वाटलं नाही. मामाच तो. तिने पेढा तोंडात टाकला. मी तो पुडा तिच्या हातातून घेतला आणि तो ठेवायला जागा सापडेना, अशी मी घरभर फिरले.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तदाब वाढला असं ठरलं, आणि सभागृहात प्रश्न यायच्या आधी हे नाशिकलाच दवाखान्यात दाखल झाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. हेही खरंच सांगते. मनीषा घरात होती, दार बंद होतं, प्रश्न आपोआप निघून जाणार होता. मी त्या रात्री झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले तर खालच्या बाकावर भीमाबाई बसलेली. ओली, पायात काही नाही. मी दचकले. वाटलं भांडायला आली. लोकांना नेहमी कळायचं तसं हिलाही कळलं असेल.

ती उठली आणि पदराखालून एक किटली काढली. "नानांना पेज आनलीया नागलीची. दवाखान्यातलं गोड लागत नाय आजाऱ्याला." आणि कागदात बांधलेली पुडी दिली. "कळसूबाईचा अंगारा हाय. सूनंसाठी गेले व्हते, मंग नानांचंबी मागून घेतलं."

मी सुनेचं विचारलं.

"पाय गेला तिचा. पन जीव हाय." मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमी नका घोर करू. भित काय, उभी करू आज नाय उद्या. नानांना म्हनावं आमच्यासाठी जीवाला लावून घेऊ नका."

ती मला धीर देत होती. मी किटली हातात घेतली.

वर गेले. हे खाटेवर उशीला टेकून पेपर वाचत होते. बाजूला सफरचंद कापून ठेवलेलं. मी किटली ठेवली. पुडी उघडली, बोट अंगाऱ्यात बुडवलं आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना एकदाही उलट बोलले नव्हते. आत्ताही भीती वाटत होती.

म्हटलं, "हा अंगारा भीमाबाईने आणलाय. हा आजारी माणसाला लावतात. तुम्ही आजारी आहात का तेवढं सांगा, म्हणजे लावते."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. माझ्या बोटाकडे बघत राहिले. बोटाचा अंगारा पांढऱ्या चादरीवर सांडत होता. मग म्हणाले, "मनीषाचं काय?" मी म्हटलं, "मनीषाबरोबर मी जाईन."

हे उठले. उभ्यानेच ती पेज प्यायले, सगळी, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. अंगारा मी पुडीत परत बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन वाजला. शेठ. "ताई, नाना दवाखान्यात दिसत नाहीत. कुठं आहेत?" आयुष्यभर मी दारात उभी राहून "साहेब बाहेर गेलेत" सांगितलं होतं, ते नेहमी खोटं असायचं. त्या दिवशी म्हटलं, "मुंबईला. विधानसभेत." आणि फोन मीच ठेवला.

ह्यांचं नाव पुकारलं तेव्हा हे जागेवर होते. मंत्र्यांनी चौकशी लावली, सुरुंग बंद झाले. पाड्याला भरपाई मिळाली, पुरेशी नाही. क्रशर काही दिवसांनी उचलून दुसऱ्या डोंगराला लागला, दुसऱ्या तालुक्यात. त्या डोंगराखालच्या बायका कोणाच्या मागच्या दाराला गेल्या असतील, मला माहीत नाही. ह्यांच्या लेखात हा प्रश्न आहे. त्याच्यापुढे "यशस्वीरीत्या मांडला" असं लिहिलंय.

मी मात्र मनीषाबरोबर रोज कॉलेजला जाऊ लागले. ती वर्गात, मी फाटकाबाहेर झाडाखाली. ओळीने रिक्षा उभ्या असत, त्यातले रिक्षावाले मला मावशी म्हणायला लागले. मनीषाला लाज वाटायची. "आई, तू काय करणार आहेस गं, समजा कोणी आलंच तर?" तिचं बरोबर होतं. मला काही करता आलं नसतं. पण घरात बसून घाबरण्यापेक्षा तिथे बसून घाबरणं बरं वाटायचं. शेठनी काहीच केलं नाही. पांढरी गाडी दिसली की मी उभी राहायचे, एवढंच.

पुढच्या निवडणुकीत शेठनी दुसरा माणूस उभा केला आणि हे पडले. पडलेल्या आमदाराचं घर कसं होतं ते सांगते. ओसरीवर ऊन दिसायला लागतं. आधी कधी दिसलं नव्हतं, सतत माणसं बसलेली असायची. मी सवयीने मोठं पातेलं चढवायचे आणि चहा ओतून द्यायचे. पडल्याचं मला दुःख झालं नाही. मला वाटलं, आता शेठना आपला काही उपयोग नाही, आता सुटलो.

पण त्या भाऊबीजेलाही ते आले. चपला उंबऱ्याच्या मध्ये. ओवाळून घेतलं, नारळ आणि रुपया टाकला. काही मागितलं नाही. मनीषाचं लग्न ठरलं होतं, तारीख काढलेली होती. त्याचं विचारलं, आणि उठताना म्हणाले, "मामा म्हणून मीच उभा राहणार बरं का. मुलीला मांडवात मीच आणणार. आणि पुढंही तिच्या घरी भाऊबीज-पाडव्याला येत जाईन. मामाचा हक्क असतो."

म्हणजे हे माझ्यावर थांबणार नव्हतं. ते गाठोडं आता मनीषाच्या ताटात जाणार होतं.

मी ह्यांना म्हटलं, प्लॉट विका. हे म्हणाले, "अगं, पैशाचा प्रश्न नाही. तो घेणार नाही. मागच्या वेळी काय म्हणाला विसरलीस का?"

मी विसरले नव्हते. तेच तर धरून बसले होते.

प्लॉट विकला. लग्नाच्या आधीच्या शनिवारी पहाटे मी उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, गार. मनातल्या मनात शेठचं नाव घेतलं. हे करताना मला फार भीती वाटली, कारण कोणाचं वाईट चिंतायचं नाही असं माझ्या आईने शिकवलं होतं, आणि तो माणूस जिवंत होता. मी देवाला म्हटलं, त्याचं काही वाईट करू नको, फक्त माझा भाऊ गेला एवढंच धर.

ओल्या केसांनी घोटीला गेले. हे म्हणाले मी येतो. मी म्हटलं, तुम्हाला कुठे ओवाळणी घातली होती, मला घातली होती. हे गाडीत बसून राहिले.

शनिवारचा बाजार. गिरणीपुढे काट्यावर पोती चढत होती, हमाल, शेतकरी, बायका, सगळे. शेठ गादीवर. मी कधी गर्दीसमोर बोलले नाही. एका सभेत मला दोन शब्द बोला म्हणून उभं केलं होतं, तेव्हा मी नमस्कार करून खाली बसले होते. इथे मी सरळ गादीपुढे जाऊन उभी राहिले. मी ताट आणलं होतं, तेच, पहिल्या भाऊबीजेचं. त्यात टॉवेलात बांधलेले पैसे.

शेठनी ताटाकडे बघितलं आणि त्यांचं ठरलेलं हसले. "काय ताई, परत तेच? अहो, मी मेलो का?"

म्हटलं, "मी तुमच्या नावानं आंघोळ करून आले."

काट्यावरचा हमाल पोतं धरून तसाच थांबला. माझ्या केसांतून पाणी टपकत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. शेठचं हसू गेलं. ते म्हणाले, मी हात लावणार नाही. मी म्हटलं, तुमच्या हातात देतच नाही. भाऊ गेला तरी भावजय आहे. आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "वहिनी."

त्या दारातच उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. पुढे आल्या. शेठ उठून उभे राहिले आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "आणि इतक्या वर्षांचं व्याज? ते कोण देणार?"

पोत्याजवळ बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, तिला वाटलं हळू म्हणाली, "बया, बहिनीकडून व्याज?" तिकडून कोणीतरी हसलं. शेठना आपण काय बोललो ते तेव्हा समजलं. ते इकडेतिकडे बघायला लागले, आणि मग खाली बसून उगाच पेन शोधायला लागले.

वहिनींनी माझ्या ताटातलं गाठोडं उचललं, आपल्या पदरात घेतलं आणि पदराला गाठ मारली. ताट हलकं झालं, इतकं की माझा हात आपोआप वर आला. त्यांनी ताटाला हळद-कुंकवाचं बोट लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ओवाळणीला व्याज नसतं. पोचले, ताई. सगळे पोचले."